सत्कारमूर्ती मस्कतला

"तुमचा दयानंद अजून उंटांच्या मागंच हाय का?" असं सुमनबाईंनी विचारलं, तेही तोंडात पेढा असताना. पुढं जे काही झालं त्याला ते एक वाक्य कारणीभूत आहे. पेढाही तितकाच कारणीभूत आहे, पण त्याचं नाव कोण घेणार.

पेढा सुमनबाईंच्या धाकट्या नातवाला एमबीबीएसची सीट लागली त्याचा होता. लातूरच्या ट्युशन एरियात निकालाच्या दिवसांत माशांपेक्षा पेढे जास्त उडतात. कोपऱ्याकोपऱ्यावर फ्लेक्स लागतात, त्यावर डोळे ताणून बघणारी पोरं, खाली त्यांचे मार्क. ज्यांना सीट लागली त्यांचे सत्कार होतात आणि ज्यांना लागली नाही ती पोरं कस्तुराबाईंच्या मेसमध्ये खाली मान घालून जेवतात. या गल्लीत माणसांच्या तऱ्हा तीनच. डॉक्टर, इंजिनिअर आणि रिपीटर. कस्तुराबाईंचा मुलगा दयानंद या तिन्हींत कुठंच बसत नव्हता, ही त्यांची खरी अडचण होती.

दयानंद मस्कतला होता. तिथल्या एका इंग्रजी पेपरात खेळाचं पान लिहायचा. फुटबॉल, हॉकी, आणि थंडीच्या दिवसांत उंटांच्या शर्यती. उंटांच्या पाठीवर माणूस नसतो, लहानसं यंत्र बसवलेलं असतं, त्याच्या हातात चाबूक असतो, आणि मालक बाजूनं गाडी पळवत ते यंत्र चालवतो, हे त्यानं एकदा फोनवर सांगितलं होतं. कस्तुराबाईंनी मोठ्या हौसेनं ते गल्लीत सांगितलं आणि तिथंच चूक झाली. "म्हंजे उंटावर बसायचं काम बी यंत्राला दिलं, मग तुमच्या दयानंदला काय ठिवलं?" असं सुमनबाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

कस्तुराबाईंना स्वतःलाही ते काम पटलेलं होतं असं नाही. त्यांचं माहेर-सासर किल्लारीच्या अंगाचं. भूकंपात गाव आडवं झालं तेव्हा मदतीच्या ट्रकच्या आधी पेपरवाले पोचले होते. एकानं त्यांच्या तोंडासमोर टेप धरून "आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारलं. "तुला चार शब्द ऐकवावं वाटून राहिलंय," असं म्हणून त्यांनी ते ऐकवले. ते छापून आले नाहीत. तेव्हापासून पेपरवाला हा शब्द त्या घरात सापासारखा बाहेरच ठेवला होता. आणि पोटचं पोरगं निघालं पेपरवाला, तेही परक्या मुलखात जाऊन. कुणी विचारलं तर कस्तुराबाई सांगायच्या, "खेळाच्या खात्यात हाय." खातं कुठल्या सरकारचं हे कुणी विचारत नसे. परदेशातल्या खात्याला खातंच म्हणायचं असतं.

पण पेढ्यासकट आलेलं वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या घरी आल्या, पदर खोचला, वरणाला फोडणी दिली आणि मोहरी तडतडत असतानाच नवऱ्याला म्हणाल्या, "दयानंदचा सत्कार करायचा."

श्रीमंतराव पेपर वाचत होते. "कोण करायलंय?"

"राघवेंद्र सर."

श्रीमंतरावांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या आयुष्यात हे फार वेळा होत नाही.

राघवेंद्र सर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी चार मजली क्लास असलेले बायोलॉजीचे सर. दयानंद त्यांच्याकडं अकरावीला होता. सर फळ्यावर हृदयाचे कप्पे काढत असताना दयानंद शेजारच्याला पाकिस्तानच्या किती विकेटी पडल्या ते सांगत होता. कानात रेडिओची बारीक तार, वर टोपी. सरांनी त्याला कानाला नव्हे, तारेला धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंना बोलावलं आणि ॲडमिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या आईबापांसमोर गेटाकडं बोट दाखवून म्हणाले, "बाई, याला घेऊन जा. याचं काही होणार नाही." त्या रांगेत सुमनबाई होत्या. सुमनबाई नसतील अशी रांग लातुरात लागतच नाही.

तेव्हा आता त्याच सरांच्या हातून, त्याच गल्लीत, त्याच सुमनबाईंच्या डोळ्यांदेखत दयानंदच्या खांद्यावर शाल पडली पाहिजे. एवढंच कस्तुराबाईंचं मागणं होतं. माणसानं आयुष्यात देवाकडं एकच गोष्ट मागावी आणि ती शेजारणीला दिसेल अशी मागावी, असं त्यांचं मत होतं.

फोनवर दयानंद म्हणाला, "माय, सत्कार कशाचा पण? मी काय केलंय?"

"काय केलंस ते मी बघते. तू फकस्त ये. सुट्टी काढ."

"बघतो. इथं सामना असला की सण, अन् सण असला की सामना. पण बघतो."

त्याला सुट्टी मिळाली. कस्तुराबाईंनी थंडीतली तारीख धरली आणि इथून पुढं त्यांच्या हातात काही राहिलं नाही.

पहिला सल्ला समोरच्या हॉस्टेलवाल्या सिंधुनं दिला. सिंधुच्या हॉस्टेलात पाणी नसतं, पण सल्ला चोवीस तास असतो. "मावशी, आधी फ्लेक्स लावा. फ्लेक्स न्हाई तं सत्कार कुणाला खरा वाटंना."

फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "काय लिहू? क्रीडा पत्रकार?"

"पत्रकार नगं."

"मग करतात काय?"

"खेळाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर हाय असं लिहा."

फ्लेक्सवाला कलावंत माणूस होता. त्यानं पासपोर्टच्या फोटोतलं दयानंदचं डोकं काढून एका कप उचललेल्या खेळाडूच्या धडावर बसवलं. मागं विमान, बाजूला उंट, वर सोनेरी अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय क्रीडारत्न'. डोकं सावळं, दंड गोरे आणि मान कुणाचीच नाही. श्रीमंतराव बराच वेळ खाली उभं राहून बघत होते.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमचं पोरगं."

"तब्येत सुधारली म्हणायची," असं म्हणून ते आत गेले.

गल्लीनं मात्र फ्लेक्स जसाच्या तसा खरा धरला. दूधवाल्यापासून सगळे विचारायला लागले, कोणत्या खेळात? कस्तुराबाई खोटं बोलत नाहीत, त्या फक्त खरं सांगताना हात राखून सांगतात. त्या म्हणाल्या, "सगळ्याच." ते खरंच होतं.

मग निघालं लाउडस्पीकरच्या परवान्याचं. चौकीवर हवालदारांनी चष्मा नाकावर ओढला. "कार्यक्रम कशा प्रकारचा? धार्मिक, लग्न, राजकीय का जयंती?"

"सत्कार."

"सत्कार यात बसत नाही."

"मग कशात बसवता बघा. बसवल्याबिगर मी उठत न्हाई."

हवालदारांनी विचार केला. "सत्कार कुणाचा?"

"पोराचा. मस्कतला असतो."

"म्हणजे परदेशी पाहुणे," असं म्हणून त्यांनी तसंच लिहिलं, शिक्का मारला आणि चहा मागवला. कस्तुराबाईंना वाटलं, पोराचा मान वाढला. तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले दोघे मेसच्या दारात उभे. विदेशी नागरिक कुठं उतरणार, त्याची नोंद का केली नाही, त्याचा व्हिसा दाखवा.

"विदेशी कोण?" कस्तुराबाईंनी उलथनं हातात घेऊनच विचारलं. "माझं पोरगं औशाच्या दवाखान्यात जन्मलंय. नर्सबाईचं नाव सांगू का?"

ते दोघं जेवून गेले, पण जाताना "तो परत गेला की कळवा" म्हणाले. तोवर सुमनबाईंच्या गॅलरीतून बातमी फुटली होती की दयानंदच्या मागं सीआयडी आहे. आता सत्कार झाला नसता तर गल्लीनं सत्काराच्या जागी अटक धरली असती.

सरांना बोलवायला कस्तुराबाई स्वतः गेल्या. सरांना दयानंद आठवत नव्हता. दरवर्षी एवढी पोरं आत येतात की बाहेर काढलेली कोण लक्षात ठेवणार. पण फ्लेक्सवर प्रमुख पाहुणे म्हणून आपला फोटो सत्कारमूर्तीपेक्षा मोठा लागणार आहे हे कळल्यावर त्यांना हळूहळू आठवायला लागलं. "हुशार होता," ते म्हणाले. "फक्त दिशा हवी होती."

कस्तुराबाईंनी जीभ दाताखाली धरली. तशी धरायला त्यांना फार त्रास होतो, पण शाल पडेपर्यंत धरायची असं त्यांनी ठरवलं होतं.

इथवर सगळं माणसांत चाललं होतं. मग सिंधु म्हणाली, "मावशी, मिरवणुकीला उंट पाह्यजे. उंटावरून आला तं त्याचं काम लोकांना आपसूक समजंल." कस्तुराबाईंना ते पटलं. मुदखेडला स्टेशनाजवळ एक उंटवाला उतरल्याचं कळलं होतं. त्याला सांगावा गेला आणि सत्काराच्या आदल्या संध्याकाळी तो उंट घेऊन हजर झाला.

उंटानं आल्याबरोबर मांडवाचं आंब्याच्या पानांचं तोरण खाल्लं. मग केळीचे खुंट खाल्ले. मग फ्लेक्सवरच्या उंटाकडं बघून काय वाटलं कोण जाणे, तो तरातरा गल्लीच्या तोंडाशी गेला आणि राघवेंद्र सरांच्या गेटात बसला. गेटाच्या आत अर्धा, बाहेर अर्धा. उंटवाला म्हणाला, "जेवला की तो असा जरा टेकतो." सरांचं गेट सातला बंद होतं म्हणजे होतं. मंत्र्याचा भाचा उशिरा आला तेव्हाही ते उघडलं नव्हतं. त्या दिवशी इतिहासात पहिल्यांदा ते बंद झालं नाही, आणि उशिरा आलेली सगळी पोरं उंटाला वळसा घालून आत शिरली. एकानं तर जाताना उंटाच्या पाया पडल्याचं सुमनबाईंनी गॅलरीतून पाहिलं.

या गडबडीतच फोन वाजला.

"माय," दयानंद म्हणाला, "रागावू नको."

कस्तुराबाईंनी ओळखलं. पोरगं 'रागावू नको' म्हणतं तेव्हा रागवायचं कारण आधीच होऊन गेलेलं असतं.

"माझ्या जागी लिहिणारा ताप येऊन पडलाय. उद्या शर्यतींचा मोठा दिवस. संपादकानं सुट्टी मागं घेतली. विमानाचं तिकीटसुद्धा..."

"इथं माझ्या दारात उंट बसलाय," कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या, "अन् तू तिकडं उंट बघायला थांबलास."

"काय करू माय. इथल्या लोकांना वाटतं मी इथला न्हाई. तिथल्यांना वाटतं मी इथं करतो तरी काय. पान मात्र रोज भरावं लागतं."

हे वाक्य कस्तुराबाईंना जरा टोचलं. पण मांडव उभा होता, सर येणार होते, नांदेडहून फेटे बांधणारा निघाला होता, आणि समोर गॅलरीत सुमनबाई कान या बाजूला करून वाळवण आवरत होत्या. त्या फोनवर मोठ्यानं म्हणाल्या, "ठीक हाय. मोठी माणसं कामातच असायची."

फोन ठेवून नवऱ्याला म्हणाल्या, "पूर्वी नवरदेव नसला तर तलवारीशी लग्न लावीत. सत्कारमूर्ती न्हाई म्हणून सत्कार कशापायी थांबंल?"

"तलवार कुठंय?" श्रीमंतरावांनी विचारलं.

तलवारीच्या जागी टीव्ही ठेवायचं ठरलं. मेसमध्ये जेवणारी देविका देगलूरची. नीटची दुसरी खेप देत होती. तिनं सांगितलं की मोबाइल टीव्हीला जोडता येतो, म्हणजे दयानंददादा मस्कतहून मोठ्या पडद्यावर दिसतील. कस्तुराबाईंनी तिला त्या दिवशी दोनदा तूप वाढलं.

राहिलं मानपत्र. आता मानपत्राशिवाय सत्कार म्हणजे मिठाशिवाय पिठलं. कुणीतरी उभं राहून सत्कारमूर्तीबद्दल जड जड शब्द वाचायचे, त्यातले निम्मे कुणाला कळत नाहीत आणि म्हणूनच मान वाढतो. पण लिहिणार कोण? गल्लीतल्या पोरांना चारातला एक पर्याय काळा करण्यापलीकडं लिहायची सवय उरली नव्हती. सरांकडं तयार मानपत्रं होती, पण प्रत्येकात 'मानवी देहाची सेवा' होती आणि उंटाबद्दल काही नव्हतं.

तेव्हा कस्तुराबाईंच्या डोक्यात आलं. पोराचं स्वतःचंच लिखाण वाचलं तर? परदेशातल्या पेपरात इंग्रजीत छापून आलेलं. ते ऐकून सुमनबाईंचा पेढा परत वर येईल.

"देविका, त्याचं एखादं काढ गं. मोठ्या फोटोचं बघ. अन् वाचताना लगोलग मराठीत सांग."

"हाव मावशी. आधी वाचून बघू का? उद्या माझी टेस्ट हाय, पण..."

"बघायचं काय त्यात? इंग्रजीत कोण कुणाला वाईट बोलतंय?"

कस्तुराबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि इंग्रजीबद्दल त्यांना नितांत आदर होता. एवढ्या आदराचा कधी ना कधी फटका बसतोच.

सत्काराला सगळी गल्ली लोटली. निम्मे सत्कार बघायला आणि निम्मे अटक बघायला. सुमनबाई पहिल्या रांगेत, डॉक्टर होऊ घातलेल्या नातवासह. सर फेटा बांधून व्यासपीठावर. मधल्या खुर्चीवर टीव्ही, त्याच्यावरही फेटा. टीव्हीत दयानंद. मागं वाळवंट, गाड्या, धूळ आणि पळणारे उंट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दयानंद काहीतरी बोलला, तेवढ्यात लाउडस्पीकर असा किंचाळला की बाहेर निजलेला उंट उठून उभा राहिला. म्हणून दयानंदचा आवाज बंद करण्यात आला. त्याला इकडचं सगळं ऐकू येत होतं, त्याचं इकडं काही येत नव्हतं. परदेशात राहणाऱ्या माणसाची हीच गत असते म्हणा.

देविका उभी राहिली. हातात स्वतःचा मोबाइल. नीटची तयारी करणारी पोर ती, एक ओळ गाळायची नाही आणि पदरचं काही घालायचं नाही, ही तिला शिस्त.

"'मस्कतच्या मैदानावर काल जो संघ पाच गोलांनी हरला,'" तिनं सुरुवात केली, "'त्याला बघून मला लातूरची आमची गल्ली आठवली.'"

टाळ्या. कस्तुराबाईंनी मागं वळून सगळ्यांकडं बघून घेतलं.

"'आमच्या गल्लीत एक बायोलॉजीचे सर आहेत. सातला त्यांचं गेट बंद होतं. मग बाहेर पोरगं रडो का बाप पाया पडो. या गेटातून देवसुद्धा आत जाईल, पण वेळेवर आला तर. उशिरा आला तर देवानं पुढच्या बॅचची फी भरावी.'"

कस्तुराबाईंनी हातातलं कुंकवाचं ताट घट्ट धरलं. हे वाक्य त्यांचं होतं. जसंच्या तसं. परवाच फोनवर पोराला सांगताना त्या म्हणाल्या होत्या, आणि त्याच्या आधी कैक वेळा पोळ्या लाटताना. टीव्हीत दयानंदनं दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. लोकांना वाटलं अभिवादन करतोय. पुन्हा टाळ्या.

"'असा माणूस गोलमध्ये उभा असता तर पाच काय, अर्धा गोल झाला नसता. या संघाच्या गोलकीपरचं गेट मात्र धर्मशाळेचं होतं. आता पंचांबद्दल. पंच आमच्या शेजारच्या सुमनबाईंसारखे होते.'"

देविकानं श्वास घेतला. मांडवात कुणीच घेतला नाही. टीव्हीत दयानंद हात जोडत होता. मान डावीउजवीकडं हलवत होता. सिंधु शेजारणीला म्हणाली, "किती नम्र हाय बघ पोरगं."

"'सुमनबाईंना गॅलरीत बसून सगळी गल्ली दिसते. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कुणाची सून कधी उठली. फक्त स्वतःच्या नातवानं चेंडू मारून काच फोडली की त्यांना तेवढ्यापुरता मोतीबिंदू होतो.'"

मागच्या रांगेत मेसची पोरं बसली होती. ती आधी हसली. हे वाक्य त्यांनी आमटीबरोबर ऐकलेलं होतं, त्यामुळं कुणाचं आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कस्तुराबाईंकडं बघितलं. मग सगळ्या गल्लीनं कस्तुराबाईंकडं बघितलं.

"बास गं," कस्तुराबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"दोनच परिच्छेद हायत मावशी," देविका म्हणाली आणि वाचत राहिली. "'मधल्या फळीबद्दल काय बोलावं. ती माझ्या वडिलांसारखी होती. मैदानात होती, एवढं नक्की.'"

श्रीमंतराव एकटेच खळखळून हसले.

"'सामना संपल्यावर मी हरलेल्या पोरांकडं गेलो. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. मला वाटलं, यांना आज आमच्या गल्लीत न्यावं. तिथं निकालाच्या दिवशी नापास झालेल्याला काही विचारत नाहीत. न मागता दोन पोळ्या जास्त वाढतात आणि डोकं वर होईपर्यंत पुढून हलत नाहीत.'"

"संपलं," देविका म्हणाली आणि खाली बसली.

मेसमधली पोरं आता हसत नव्हती. टीव्हीत दयानंदनं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं. कस्तुराबाई ताट धरून उभ्या होत्या. ज्या शालीसाठी एवढा खटाटोप केला ती आता सर टाकतात की फेकून देतात, याकडं त्यांचे डोळे लागले होते.

सर उठले. त्यांनी माइक हातात घेतला, फेटा नीट केला.

"परदेशातल्या वृत्तपत्रानं," ते म्हणाले, "माझ्या शिस्तीची दखल घेतली."

मांडवानं सुटकेचा श्वास सोडला.

"गोलमध्ये असा माणूस हवा होता, हे शब्द आहेत. मस्कतचे शब्द आहेत. दयानंदला ही वाट कुणी दाखवली, हे मी माझ्या तोंडानं सांगणार नाही."

"मी सांगते की," कस्तुराबाई म्हणाल्या. दाताखालची जीभ निसटली होती. "सरांनीच दाखवली. गेटाकडं बोट करून दाखवली. रांगेतल्या समद्यांनी बघितलंय."

लोक हसले. सरही हसले, कारण त्यांना अजून नीट आठवत नव्हतं. त्यांनी शाल उलगडली आणि टीव्हीच्या खांद्यावर टाकली. टीव्हीला खांदे नसतात. शाल पुढं घसरली आणि सत्कारमूर्ती दिसेनासे झाले. आतून कुठल्या तरी उंटाचं ओरडणं ऐकू आलं, कारण नेमका तेव्हाच कुणीतरी आवाज सुरू केला होता.

सुमनबाई मात्र पेढा न घेता उठून गेल्या. गॅलरीचं दार लावलं. दोन दिवस उघडलं नाही. गल्ली अनाथ झाल्यासारखी झाली.

तिसऱ्या दिवशी त्या खाली उतरल्या त्या हातात एक कागद घेऊन. नातवानं इंटरनेटवरून लेख काढून दिला होता आणि सांगितलं होतं की हा लेख अख्ख्या आखातात वाचतात. सुमनबाईंनी त्याला प्लॅस्टिक चढवून आणलं होतं. "बघा," त्या दूधवाल्याला सांगत होत्या, "माझं नाव हाय. पंच म्हणलंय मला. सामन्यात पंचाएवढं मोठं कुणी नसतंय."

त्यानंतर सरांच्या क्लासवर नवा फ्लेक्स लागला. 'परदेशी वृत्तपत्रात गौरवलेली शिस्त.' खाली सरांचा फोटो, आणि त्याच्यापेक्षा लहान अक्षरांत 'आमचा माजी विद्यार्थी, आंतरराष्ट्रीय क्रीडा पत्रकार दयानंद'. सिंधु मात्र फुगून बसली. "आमचं हॉस्टेल काय वाईट होतं? दयानंदला आमचं नाव ठाऊक न्हाई का?" म्हणून तिनं मस्कतला द्यायला तिळाची चटणी आणून दिली. अगदी श्रीमंतरावसुद्धा कट्ट्यावर जाऊन "मधल्या फळीत आम्ही असतो" असं सांगून आले. उंटांच्या मागं कोण आहे, हे आता कुणी विचारत नव्हतं. आमचा दयानंद, आमचा दयानंद, असं जो तो म्हणत होता.

कस्तुराबाईंना हवं ते मिळालं होतं. शाल घरात आली होती. पेपरवाला हा शब्द गल्लीत मानाचा झाला होता, आणि त्यांनीही तो परवा एकदा चुकून अभिमानानं उच्चारला होता. तरी पोळ्या लाटताना त्यांचा हात जोरात पडत होता. सर, सुमनबाई, इतकंच काय नवराही मस्कतला छापून आला होता. त्यांचं नाव तेवढं कुठंच नव्हतं.

रविवारी दयानंदचा फोन आला. तो घाबरतच बोलत होता. "माय, गल्लीत फार राग आहे का?"

"राग कशाचा? वरात निघायची बाकी हाय." मग पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "ते गेटाचं बोलणं कुणाचं होतं?"

"तुझं."

"मोतीबिंदूचं?"

"तुझंच."

"अन् पोळ्यांचं?"

"ते बोलणं न्हाई. ते तू करतेस."

"मग माझं नाव का न्हाई? सुमनबाईचं हाय. सरांचं हाय. तुझ्या बापाचं हाय, अन् त्यांनी तं आयुष्यात काय केलं न्हाई."

"माय," दयानंद म्हणाला, "दर आठवड्याला मी हेच करतो. इथं लोक मला विचारतात, हे असलं तुला सुचतं कुठून. तुझं नाव घातलं असतं तर त्यांना कळलं असतं की माझं त्यात काही न्हाई."

कस्तुराबाईंनी हे ऐकून घेतलं. लाटणं बाजूला ठेवलं. परमुलखात, जिथं पोराला कुणी आपला म्हणत नाही, तिथं त्याचं पान रोज कशानं भरत होतं हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी पदरानं नाक पुसलं, पण आवाजात ते येऊ दिलं नाही.

"म्हंजे चोरी करून राहिलास."

"हाव."

"बरं." त्यांनी उठून खिडकीतून समोर बघितलं. सिंधुच्या हॉस्टेलवर टँकर आला होता. पोरं बादल्या घेऊन भांडत होती. सिंधु मधोमध उभी राहून दोन्ही बाजूंना बरोबर म्हणत होती. सुमनबाई गॅलरीत प्लॅस्टिक चढवलेल्या कागदानं वारा घेत होत्या.

"कागद हाय का जवळ?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"हाय. का?"

"सांगते ते लिहून घे. सिंधु ही अशी कॅप्टन हाय की जी नाणं उडवलं की दोन्ही बाजूला जिंकते. लिहिलंस?"

"लिहिलं."

"अन् ह्या टायमाला सुमनबाईला घालू नको. लई चढून बसलीया. तिला दोन सामने बाहेर बसव."